यंदा बागेत नवती फुटली, पण ईस्टरच्या पहाटे मी काय बोलू?

धुऱ्यावरचा (प्रश्न)

सर्वांना सलाम. मी वरुड तालुक्यातला, संत्र्याची बाग आहे, घरात आजोबांपासून ख्रिस्ती विश्वास. आमची मंडळी लहान, मोजून पंधरा-सोळा घरं. ईस्टरला अंधारातच चर्चमधून टॉर्च घेऊन निघतो, गावाबाहेरच्या टेकडीवर चढेपर्यंत उजाडते आणि तिथंच भक्ती होते. यंदा पाळकसाहेब म्हणाले की दहा मिनिटं तू बोल, विषय नवी पालवी आणि नवा विश्वास. मी हो म्हणून बसलो आणि आता रात्री झोप नाही येऊन राहिली.

कारण सांगतो. तीन वर्षांअगोदर बाबा गेले. आजारपण चार महिने चाललं, त्या चार महिन्यात जेवढी प्रार्थना केली तेवढी आयुष्यात केली नव्हती, आणि तरी ते गेले. त्यानंतर मी चर्चमध्ये जायचो पण नुसता जायचो, गीत सुरू झालं की तोंड हलवायचं, डोळे मिटायचे, आणि आत सगळं कोरडं ठक्क. बाबांची बाग पण तशीच पडली. तीनशे झाडं आहेत, ना सल म्हणजे वाळक्या फांद्या काढल्या ना बोर्डो हे बुरशीचं औषध लावलं, फांद्या शेंड्याकडून वाळत आल्या, शेजारचे म्हणाले काढून टाक आणि पऱ्हाटी लाव.

मागच्या पावसाळ्यानंतर एक दिवस काय वाटलं माहीत नाही, आरी घेऊन गेलो आणि सल काढायला लागलो. आठ दिवस तेच केलं. डिसेंबरात पाणी तोडून बाग ताणावर सोडली, जानेवारीत ताण तोडला म्हणजे पुन्हा पाणी दिलं आणि पंधरा-वीस दिवसांत नवती म्हणजे नवी पालवी आली, फुलं आली, आता हरभऱ्याएवढी फळं बसली आहेत. एक झाड आहे ज्याच्या खोडावर बाबांनी कुऱ्हाडीनं खाच मारून ठेवली होती, म्हणजे हे काढायचं. त्या झाडाच्या काळ्या पडलेल्या खोडातून सरळ फूट आली. पानं नखाएवढी, इतकी पातळ की मागून ऊन दिसायचं. मी तिथंच आळ्यात बसलो आणि तीन वर्षांत पहिल्यांदा खरी प्रार्थना केली. म्हणजे "प्रभू" एवढंच म्हणालो, पुढे शब्दच नाही आले.

आता माझं विचारणं असं की हे जे आलं ते बाबांच्या विश्वासासारखं नाही. बाबा पहाटे चारला उठून नावानिशी प्रत्येकासाठी प्रार्थना करायचे, माझं हे नखाएवढं. एवढ्याशावर लोकांसमोर उभं राहून बोलणं खोटं तर होणार नाही ना? आणि दुसरं, पालवी दरवर्षीच येते. बाबा काही परत नाही आले. मग ईस्टरला पालवीचं उदाहरण द्यावं का?

काटोलकडचा

भाऊ, बोलण्याचं नंतर पाहू, आधी मले हे सांग की ती फूट कलमाच्या जोडाच्या वरून आहे का खालून? काहून की आपली संत्री जंबेरीच्या, म्हणजे आंबट रानलिंबाच्या, खुंटावर डोळा भरलेली असते, अन् वरचं झाड मरायला टेकलं की खालून जंबेरी लय जोरात फुटते. हिरवीगार, सरळ वर जाते, नवीन माणूस खूश होते की झाड वाचलं. काटे पाहा, अन् पान चुरून वास घ्या, जंबेरी असली तर लिंबाचा वास येते. ती राहू दिली तर वरचं संत्र उपाशी मरते अन् हाती येते आंबट खरबरीत फळ ज्याले बाजारात कोणी विचारत नाही.

हे मी झाडाचंच नाही सांगून राहिलो. माझ्या जीवनात पण एकदा असा जोर आला होता, एका मोठ्या सभेवरून आलो अन् सहा महिने रोज उपास, रोज मोठ्यानं प्रार्थना, घरच्यांना म्हणायचो तुमचा विश्वास थंडा आहे. बायको रडायची. ती वाढ माझ्या जिद्दीतून आली होती, प्रभूपासून नाही, हे समजायला दोन वर्षं लागले. म्हणून म्हणतो की लहान आहे याची चिंता नका करू, कुठून फुटली ते पाहा.

अन् ताणाचं तर तुम्हाला माहीतच आहे. हलक्या जमिनीत महिना-सव्वा महिना, भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने. पण ताण दिलेल्या बागेत शेतकरी रोज चक्कर मारते, पानं किती कोमेजली, किती गळली, एक दिवस इकडचा तिकडं झाला तर झाड जाते. पाणी बंद असते तेव्हाच तो सगळ्यात जास्त बागेत असते. ते तीन वर्षं तसेच समजा.

निवृत्त बाई, चंद्रपूर

बाळा, तुझं वाचून सकाळी अंगणातच बसून राहिले. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, म्हणून पालवीचं थोडं सांगते, भाषणात लागलं तर घे.

आपल्याकडचा वसंत बायबलच्या देशासारखा नाही. तिकडं पाऊस हिवाळ्यात पडतो, म्हणून वल्हांडणाच्या, म्हणजे ईस्टरच्या सुमारास येणाऱ्या यहुदी सणाच्या, वेळी जमीन हिरवी असते, त्या महिन्याचं जुनं नाव अबीब म्हणजेच जवाची हिरवी कणसं. बायबलमधल्या गीतरत्नात पाऊस सरला आणि फुलं दिसू लागली असं येतं ते त्या देशाचं. आपल्याकडं पाऊस ऑक्टोबरात संपतो, आणि पालवी येते ती मार्च-एप्रिलात, जमीन भेगाळलेली, नाले कोरडे, पारा ४० च्या वर जायला निघालेला. आमच्या जंगलात पळस फुलतो तेव्हा त्याच्यावर एक पान नसतं. कुसुमाला अशी लालभडक पालवी येते की लांबून झाड पेटल्यासारखं वाटतं. मोहाची फुलं पडून जातात आणि मागून तांबूस पानं येतात. सागाला मात्र धीर नाही, तो बिचारा पाऊस पडेपर्यंत उघडाच राहतो.

मुलं विचारायची, बाई पाणी नाही तर पालवी येते कुठून? तर पानं गळाली की त्यांच्यातून पाणी उडून जाणं थांबतं. मग मुळांनी खोलातून ओढलेलं पाणी खोडात साठत जातं, आणि त्या साठ्यावर झाड फुटतं. म्हणजे गळणं आणि फुटणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. तू म्हणतोस तीन वर्षं तोंड हलवायचो आणि आत काही नव्हतं. पण तू जात होतास ना? गीतं कानावर पडत होती, बाबांच्या प्रार्थना तर लहानपणापासून आत गेलेल्या. ते पाणी कुठं गेलं असेल?

दुसरं, कोवळं पान तांबूस दिसतं कारण हरितद्रव्य उशिरा भरतं. तोपर्यंत ते अन्न तयार करत नाही, झाडच त्याला पोसतं. म्हणून माझं स्पष्ट मत, दहा मिनिटं बोलू नकोस. आत्ता तुझ्या पानानं दुसऱ्याला पोसायची वेळ नाही. पाळकसाहेबांना सांग की मी वचन वाचतो, झाडाचं दोन मिनिटं सांगतो. राग मानू नको. घाईनं साक्ष द्यायला उभे केलेले आणि मग गळून गेलेले बरेच तरुण मी पाहिले.

गडचिरोलीचा दादू

बाईंना मान देऊन म्हणतो, मला पटलं नाही जी. माझी आई मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला जाते, घरी आणून ७० पानांचा एक पुडा अशी बांधत बसते, मी पण बांधलेत. विडीला मऊ पानच लागते, जून कडक झालं की वळताना तडकते. आणि ते मऊ पान मिळावं म्हणून तर फेब्रुवारी-मार्चमध्ये बेलकटाई करतात, झुडूप बुडातून कापतात. म्हणजे कोवळ्याचा पण उपयोग असते.

मी बारावीनंतर दोन वर्षं चर्च सोडलं होतं. परत गेलो ते कोणाच्या मोठ्या प्रवचनानं नाही. होस्टेलमध्ये माझ्या रूममधल्या पोरानं एका रात्री माझ्यासाठी प्रार्थना केली, त्याला धड बोलता येत नव्हतं, तीन वाक्यं आणि आमेन. दादा तुम्ही "प्रभू" एवढंच म्हणालात ना, तेच सांगा टेकडीवर. तिथं तुमच्यासारखे अजून दोघं-चौघं उभे असतील जे नुसतं तोंड हलवून राहिले.

यवतमाळचा पाळक

प्रिय भाऊ, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही, आणि माझ्या मते तोच खरा प्रश्न आहे.

त्याआधी काटोलच्या भावाला एक नम्र विनंती. ताणाचं उदाहरण स्वतःसाठी घ्या, पण ज्याचे बाबा गेले त्याला देवानं ताण दिला असं सांगू नका. मी अनेक अंत्यविधी केलेत आणि हे वाक्य लोकांच्या मनात किती वर्षं टोचत राहते ते पाहिलंय. शेतकरी रोज बागेत असतो, हे मात्र शंभर टक्के खरं, ते ठेवा.

कलमाचं पण थोडं. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या ११ व्या अध्यायात प्रेषित पौल रानटी जैतुनाची फांदी चांगल्या झाडाला लावतो आणि स्वतःच म्हणतो की हे निसर्गाच्या उलट आहे. आपल्या बागेत मूळ आंबट आणि कलम गोड, त्याच्याकडं मूळ चांगलं आणि फांदी रानटी. म्हणून टेकडीवर जंबेरी सांगायची तर हा फरक ध्यानात ठेवून सांगा, नाहीतर मंडळीतले जुने लोक बरोबर पकडतील.

आता पालवी. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाचा १४ वा अध्याय काढा. ७ ते ९ वचनांत तो म्हणतो की झाडाला आशा असते, तोडलं तरी फुटते, मूळ जमिनीत जुनं झालं, बुंधा मातीत मेला, तरी पाण्याच्या नुसत्या वासानं त्याला धुमारे येतात. आपण सगळे ही वचनं वाचून इथंच थांबतो. १० वं वाचतच नाही. १० व्यात ईयोब म्हणतो की माणूस मात्र मरतो आणि पडून राहतो. म्हणजे तुम्ही जे लिहिलं, पालवी आली पण बाबा नाही आले, ते तुमच्या अगोदर ईयोबानं लिहून ठेवलंय, आणि देवानं ते आपल्या पुस्तकात राहू दिलं. मग १४ व्या वचनात तो विचारतो, माणूस मेल्यावर पुन्हा जिवंत होईल काय? तिथं त्याला उत्तर मिळत नाही.

ईस्टरची पहाट त्या प्रश्नाला आहे. म्हणून पालवी म्हणजे पुनरुत्थान असं बोलू नका, तुमचा संशय बरोबर आहे, पालवी दरवर्षी येते आणि दरवर्षी गळते. पौल करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५ व्या अध्यायात (१ करिंथ १५) शब्द वापरतो प्रथमफळ. ख्रिस्त उठला तो निजलेल्यांचं प्रथमफळ म्हणून. तुम्ही संत्रेवाले, पहिलं फळ तोडून हातात घेतल्यावर मागं अख्खी बाग उभी असते हे तुम्हाला मी काय सांगू. बाबा त्या बागेत आहेत. पालवी ही तुमच्या विश्वासाला द्या, बाबांना प्रथमफळ द्या, दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की तुमचं बोलणं खोटं होणार नाही.

आणि लहान आहे म्हणून लाजू नका. कवी ना. वा. टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते तेव्हा रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशानं त्यांना नवा करार दिला. बाप्तिस्मा झाला तो १८९५ साली, मुंबईत. मधल्या काळात त्या माणसाच्या आत काय चाललं असेल, कोणाला काय दिसलं असेल? घरात तर रडारड होती.

धुऱ्यावरचा

सगळ्यांचे आभार, कसे मानू समजत नाही. पाळकसाहेब, १० वं वचन मी काल रात्री तीनदा वाचलं. पुस्तक मिटलं आणि आईला उठवून वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली बाबांना हा अध्याय पाठ होता. मला माहीतच नव्हतं.

काटोलच्या दादांनी सांगितल्यावर आज सकाळी बॅटरी घेऊन त्या झाडाजवळ गेलो, बुडातली माती हातानं बाजूला केली. फूट एक नाही, दोन आहेत. एक जोडाच्या खालून, काट्याची, चुरली तर लिंबाचा वास, आणि तीच उंच होती, मला लांबून तीच दिसली होती. दुसरी जोडाच्या वर वीतभर, खाचेच्या बाजूनं, लहान, पण संत्र्याची. खालची कापली. कापताना हात थोडा थांबला खरं, कारण त्या दिवशी मी तिच्यापुढंच बसलो होतो. पण प्रार्थना तर झाडाला नव्हती केली.

बाई, तुमचं अर्धं ऐकतो आणि दादूचं अर्धं. आमच्या पाळकांशी बोलून आलो, ते हो म्हणाले. ईयोब ७ पासून १४ पर्यंत वाचणार, त्या झाडाचं सांगणार, मग १ करिंथ १५ मधलं प्रथमफळाचं वचन आई वाचणार. पाच मिनिटांच्या वर जाणार नाही. ती फांदी तोडून न्यावी का दाखवायला असा विचार आला होता, पण नको, झाडावरच राहू द्या. भक्तीनंतर ज्याला पाहायची त्यानं बागेत यावं, चहा आमच्याकडं.

काटोलकडचा

पाळकसाहेबांचं ताणाचं बोलणं मान्य, माझं चुकलं भाऊ, माफ करा. अन् खालची फूट कापली ना, तिथं आजच्या आज बोर्डो पेस्ट लावा, जखम उघडी ठेवू नका. तिथून ते पुन्हा फुटणार, पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी माती बाजूला करून पाहत जा. वरच्या फुटीले काठी बांधा, वाऱ्यानं फाटते. मी ईस्टरला दुपारून येतो तिकडं, पत्ता पाठवा.