‘अशुद्ध रक्त’ म्हणावं का?

प्रश्न:

शाळकरी मुलांसाठी हृदयाच्या आकृतीखालचा मजकूर लिहिते आहे. अर्धी आकृती लाल, अर्धी निळी. लहानपणी घोकलेलं वाक्य तयारच होतं: ‘उजव्या अलिंदात अशुद्ध रक्त येते, फुप्फुसांत ते शुद्ध होते.’ लिहून टाकलं (अलिंद म्हणजे हृदयाचा वरचा कप्पा). भाचीने वाचलं आणि विचारलं, “आत्या, मग त्यात घाण असते का?” मला धड सांगता येईना. ‘अशुद्ध’ रूढ आहे म्हणून राहू द्यावं का? एकाने ‘ऑक्सिजनविरहित’ सुचवलंय, पण ते वाचताना मुलांची बोबडी वळेल.

प्रतिसाद:

ताई, बोबडी वळायचं सोडा, ‘ऑक्सिजनविरहित’ अर्थानेच चूक आहे. मी प्रयोगशाळेत काम करतो, दिवसभर शिरेतून रक्त काढतो. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत लोहाच्या चार जागा असतात आणि प्रत्येक जागेवर ऑक्सिजनचा एक रेणू बसतो. धमनीतल्या रक्तात या जागा ९५ ते १०० टक्के भरलेल्या असतात. तेच रक्त अंगभर फिरून हृदयाकडे परत येतं तेव्हा, माणूस स्वस्थ बसलेला असेल तर, साधारण ७५ टक्के जागा भरलेल्याच असतात. चौघांतला एक उतरला, तिघे बसूनच आले. याला ‘विरहित’ कसं म्हणणार?

रंगाचंही तेच. शिरेतलं रक्त काळपट लाल असतं, निळं कधीच नसतं. धमनीतून सॅम्पल घ्यायची वेळ येते तेव्हा फरक लगेच डोळ्यांत भरतो: रक्त भडक लाल, आणि प्रत्येक ठोक्याला आपसूक सिरिंजमध्ये चढणारं.

आता ‘शुद्ध’कडे बघा. फुप्फुसांत रक्तातला कार्बन डायऑक्साइड थोडा उतरतो आणि ऑक्सिजन चढतो. युरिया हा शरीरातला टाकाऊ पदार्थ मात्र जसाच्या तसा रक्तात राहतो, कारण तो मूत्रपिंडं गाळतात. म्हणजे मूत्रपिंडाच्या धमनीतून आत जाणारं रक्त, जे तुमच्या आकृतीत लाल आणि ‘शुद्ध’ आहे, ते युरिया घेऊन जातं. आणि मूत्रपिंडाच्या शिरेतून बाहेर पडणाऱ्या निळ्या, ‘अशुद्ध’ रक्तात युरिया अख्ख्या शरीरात सगळ्यांत कमी असतो. भाचीला हे सांगा. तिचा प्रश्न एकदम बरोबर आहे.

प्रतिसाद:

शब्दाच्या बाजूने थोडं. जुन्या मराठीत ‘अशुद्ध’ हे नाम आहे आणि त्याचा अर्थच रक्त. तिथे लाल-निळा भेद नाही, वाहतं ते सगळंच अशुद्ध. त्यामुळे ‘अशुद्ध रक्त’ ही जोडी जुन्या कानाला ‘रक्त रक्त’ अशी ऐकू येईल.

‘रक्त’ हेही मुळात विशेषण. ‘रंज्’ धातूपासून आलेलं, अर्थ रंगलेलं. अनुरक्त, विरक्त, आरक्त ही सगळी त्याचीच भावंडं. रंग आणि राग हेही त्याच घरातले. रुधिर, शोणित, लोहित यांच्याही मुळाशी तांबडा रंगच. एवढी नावं, पण रक्त करतं काय हे एकही सांगत नाही! ‘लोहित’ची गंमत वेगळीच. ‘लोह’ म्हणजे आधी तांबूस धातू, लोखंड हा अर्थ नंतर चिकटला. रक्ताला लाल करणाऱ्या रेणूत पुढे खरंच लोह सापडलं, तो मात्र निव्वळ योगायोग.

‘धमनी’त ‘ध्मा’ म्हणजे फुंकणे हा धातू आहे. धमनीसाठीचा ग्रीक शब्दही आधी श्वासनलिकेला वापरत. प्रेतात धमन्या बऱ्याचशा रिकाम्या आढळतात, त्यामुळे त्यांतून वारा वाहतो असं ग्रीक वैद्यांपैकी काहींना वाटायचं. त्यांत रक्तच असतं हे गेलन या ग्रीक वैद्याने दुसऱ्या शतकात दाखवलं, आणि ते फिरून परत येतं हे हार्वे या इंग्रज डॉक्टरने १६२८ साली मांडलं. नावातली फुंकर तशीच राहिली. ती कुणाला छळत नाही, म्हणून माझी तक्रार नाही. ‘अशुद्ध’ छळतं, कारण तो शब्द मुलांना आजही कळतो.

प्रतिसाद:

मी डॉक्टर आहे. असे छळणारे शब्द आणखी आहेत. ‘रक्त पातळ करायची गोळी’ घ्या. त्या गोळीने रक्त पाण्यासारखं होत नाही, फक्त गुठळी सहजी होत नाही. पेशंट मात्र विचारतात, “पातळ झालंय, आता अशक्तपणा येईल का?” तसंच ‘रक्त कमी आहे’. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं, आणि ॲनिमियात बहुतेकदा ते तेवढंच असतं. कमी असतं ते हिमोग्लोबिन. हे दोन्ही मी स्वतःही बोलतो, कारण लोक असंच बोलतात. पुढे एक वाक्य जोडतो, बस्स.

प्रतिसाद (प्रयोगशाळावाला):

मग माझंही एक दुखणं ऐका: ‘गोठणं’. जांभळ्या टोपीच्या नळीत रक्त न गोठू देणारं रसायन असतं. ती नळी उभी ठेवली की थर पडतात. वर पिवळसर रक्तद्रव, म्हणजे प्लाझ्मा, निम्म्याहून थोडा जास्त, साधारण ५५ टक्के. तळाशी तांबड्या पेशी. मधे कागदाच्या कडेएवढी पांढुरकी रेघ, तीत पांढऱ्या पेशी आणि बिंबाणू, म्हणजे प्लेटलेट. लाल टोपीच्या नळीत ते रसायन नसतं. अर्ध्या तासात रक्ताचा गोळा होतो, तो आक्रसतो आणि बाजूला सीरम सुटतं. ‘सीरम’चा लॅटिन अर्थ दुधाची निवळ, आणि दिसतंही तसंच. रक्तद्रवातलं फायब्रिनोजेन, म्हणजे गुठळी बांधणारं प्रथिन, गोळ्यात खर्ची पडलं की उरतं ते सीरम; दोन्हींना सरसकट ‘रक्तरस’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

तर, जांभळ्या नळीतलं सॅम्पल ‘गोठलं’ म्हणजे ते वाया गेलं. आणि रक्तपेढीत रक्तद्रव उणे १८ अंश सेल्सिअसच्याही खाली ‘गोठवतात’, कशासाठी, तर त्यातले रक्त गोठवणारे घटक टिकावेत म्हणून. म्हणजे गोठवलेला, पण न गोठलेला! नवीन मुलाला हे शिकवताना माझीच त्रेधा उडते. म्हणून मी गुठळी होण्याला ‘साकळणं’ म्हणतो आणि थंडीपुरतं ‘गोठणं’ ठेवतो. शब्द जुना आहे, घरोघरी कळतो. मार लागून कातडीखाली रक्त साकळतं असं आपण म्हणतोच की.

प्रश्नकर्ती:

‘साकळणं’ उचलला. आता मजकूर असा केलाय: ‘शिरांतले, ऑक्सिजन उतरलेले रक्त उजव्या अलिंदात येते. तिथून उजव्या निलयात, आणि पुढे हे शिरांतले रक्त फुप्फुसांकडे जाते.’ (निलय म्हणजे हृदयाचा खालचा कप्पा.) चालेल?

प्रतिसाद (प्रयोगशाळावाला):

दुसऱ्या वाक्यातलं ‘शिरांतले’ काढा. फुप्फुसांकडे ते धमनीतून जातं. हृदयापासून दूर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शीर. आत कसलं रक्त आहे यावर नाव ठरत नाही. आणि नुसतं ‘उतरलेले’ नको, ‘थोडा ऑक्सिजन उतरलेले’ लिहा. तिघे अजून बसलेत.

प्रश्नकर्ती:

केलं. भाची आता विचारतेय, ते तिघे उतरतात कधी.

प्रतिसाद (डॉक्टर):

ती धावायला लागली की. पायाचे स्नायू राबायला लागले की तिथून परतणाऱ्या रक्तात पुष्कळ जागा रिकाम्या होऊन येतात.