व्यसनमुक्ती समुपदेशकाला 'माल' (नशेचा पदार्थ) किती कळायला हवा?

काजवा: समोरचा काय घेतो, कसं घेतो आणि शेवटचं कधी घेतलं, हे कळल्याशिवाय समुपदेशन सुरू करू नये असं माझं मत. गर्दची (हेरॉइनची) टर्की, म्हणजे नशा तुटल्यावर होणारा त्रास, शेवटच्या डोसनंतर साधारण ८ ते १२ तासांत सुरू होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठते. तेव्हा त्याला तलफेची कारणं लिहायला बसवणं म्हणजे फणफणलेल्या माणसाला गणितं घालणं. मेथ (मेथाम्फेटामिन, तरतरी आणणारी नशा) घेणारा उलट पहिले काही दिवस नुसता झोपतो, खातो. त्याच्या कागदावर मात्र 'सोडायची इच्छा नाही' असा शेरा पडतो.

उंबरठा: औषधशास्त्र डॉक्टरांकडे राहू द्या. आपलं काम ऐकून घेण्याचं. मालाची उलटतपासणी सुरू झाली की माणूस मिटतो. शिवाय अर्धवट ज्ञान जास्त घातक: 'गोळ्याच तर आहेत' म्हणत रोजची अल्प्राझोलाम (चिंता कमी करणारी गोळी) एकदम बंद करायला लावतात आणि पेशंटला झटके येतात.

काजवा: ते झटके अज्ञानामुळे आले हो, ज्ञानामुळे नाही! ती गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायची असते, एवढं माहीत असतं तर असा सल्ला तोंडातून निघालाच नसता.

तिरकस: लघवीच्या चाचणीवर कुणीच बोललं नाही. साधी ओपिएट (अफूपासूनचे पदार्थ ओळखणारी) पट्टी मॉर्फिन, कोडीन, हेरॉइन दाखवते. फेंटानिल किंवा मेथाडोन ही कृत्रिम, अफूसारखी औषधं असल्याने तिच्यात सापडत नाही, म्हणून निगेटिव्ह आली की पेढे वाटू नका. रोज गांजा ओढणाऱ्याची चाचणी सोडल्यावर महिनाभरही पॉझिटिव्ह येऊ शकते. त्याला खोटारडा ठरवलंत की तो पुढच्या भेटीला येत नाही.

उंबरठा: पट्टीचं मान्य. पण मेथवर मान्यताप्राप्त औषध नाही. तिथे स्वच्छ चाचणीला लगेच छोटं बक्षीस देण्याची पद्धत सगळ्यात चांगली चालते. त्यासाठी डोपामिन (मेंदूतलं सुखाशी जोडलेलं रसायन) कशाला कळायला हवं?

काजवा: डोपामिन राहू द्या, सहनशक्ती तरी कळू द्या. काही आठवडे गर्द बंद असली की शरीराची सवय मोडते. घसरला तर हात जुन्याच मापाकडे जातो आणि श्वास थांबतो. घरी सोडण्यापूर्वी हे त्याला आणि घरच्यांना स्पष्ट सांगायला हवं. नॅलॉक्सोनचा (जास्त डोस झाल्यावर गर्दचा परिणाम उलटवणाऱ्या औषधाचा) असर ३० ते ९० मिनिटंच टिकतो, म्हणून शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचं, हेही.

उंबरठा: हे सांगायलाच हवं. पण प्रश्नांची यादी पहिल्या दहा मिनिटांत नको.

काजवा: यादी थांबेल. 'शेवटचं कधी घेतलं' हे मात्र त्या दहा मिनिटांतच विचारावं लागेल.