'लेटंट टीबी'ला मराठीत काय म्हणावे?

भाषांतरकार: रक्ततपासणीच्या माहितीपत्रकात तीन शब्द अडले आहेत: 'लेटंट टीबी', 'अ‍ॅक्टिव्ह टीबी' आणि या दोन्हींतला फरक दाखवणारे 'बायोमार्कर'. सुप्त, सक्रिय, जैवचिन्हक असे चालेल? शाळेत 'लेटंट हीट'ला अप्रकट उष्मा म्हणतात, म्हणून 'अप्रकट क्षय'ही सुचला.

छातीविकारतज्ज्ञ: 'सुप्त' ठेवा, पण त्यापुढे 'क्षयरोग' लावू नका. जंतू शरीरात असतात, रोग नसतो. खोकला नाही, एक्स-रे स्वच्छ, दुसऱ्याला लागत नाही. अशा माणसांपैकी साधारण 5 ते 10 टक्क्यांनाच पुढे आयुष्यात कधीतरी क्षयरोग होतो. 'सुप्त क्षयरोग' असे छापलेत तर घरात ताट-वाटी वेगळी होईल. 'सुप्त क्षयबाधा' म्हणा. 'अप्रकट' मात्र नको. काही लोकांना एकही लक्षण नसते, तरी थुंकीत जंतू सापडतात. तो खरा क्षयरोग आहे आणि वाचणारा त्यालाच अप्रकट समजेल. त्याला 'लक्षणविरहित क्षयरोग' म्हणावे.

शब्दकोशप्रेमी: 'बाधा'बद्दल शंका आहे. 'दही बाधलं', 'विषबाधा', 'भुताची बाधा' या सगळ्यांत अपाय झालेला असतो. इथे तर अजून काहीच बिघडलेले नाही. 'संसर्ग' म्हटले की दुसऱ्याला होणारा संसर्गच डोळ्यांपुढे येतो. त्यापेक्षा 'क्षयाची सुप्त लागण' बरे. उसाची लागण म्हणजे बेणे जमिनीत गेले, ऊस अजून उभा राहिलेला नाही. 'सुप्त गुण' या प्रयोगातही तोच अर्थ आहे: आत आहे, वर आलेले नाही.

छातीविकारतज्ज्ञ: 'लागण' मान्य.

प्रयोगशाळा तंत्रज्ञ: आता 'बायोमार्कर'. रसायनशास्त्रात लिटमसला 'दर्शक' म्हणतात, त्या वळणावर 'जैवदर्शक' घ्या. पण पत्रकात एक चूक होऊ देऊ नका. क्वांटिफेरॉन प्लस ही चाचणी सुप्त आणि सक्रिय यांत फरक करत नाही. ईसॅट-6 आणि सीएफपी-10 या क्षयजंतूच्या प्रथिनांची रक्तातल्या टी-पेशींना (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींना) ओळख आहे का, एवढेच ती, ओळख पटल्यावर या पेशी सोडतात ते इंटरफेरॉन गॅमा मोजून सांगते. ही प्रथिने बीसीजी लसीत नसल्याने लसीमुळे ती पॉझिटिव्ह येत नाही. पण औषधे पूर्ण झाल्यावरही ओळख टिकू शकते, म्हणून 'पॉझिटिव्ह' म्हणजे 'क्षय झाला' असे लिहू नये.

भाषांतरकार: आणि 'इंडिटरमिनेट'? 'अनिश्चित' लिहू?

प्रयोगशाळा तंत्रज्ञ: 'अनिर्णित' लिहा. रोग अनिश्चित नाही, चाचणीचा निर्णय लागलेला नाही. चार नळ्यांत प्रत्येकी 1 मिली रक्त घेतात, आतली भिंत रक्ताने माखेल इतपत 10 वेळा हलवतात आणि 16 तासांच्या आत 37 अंश सेल्सिअसला ठेवतात, 16 ते 24 तास. हलवणे कमी पडले, उबवायला उशीर झाला किंवा रुग्णाची प्रतिकारशक्ती क्षीण असली तर मायटोजेनची नळीही (यात टी-पेशींना हमखास चेतवणारा पदार्थ असतो) प्रतिसाद देत नाही. मायटोजेन वजा निल (काहीही न घातलेली नळी) 0.5 आययू/मिली पेक्षा कमी आणि क्षयाच्या प्रथिनांच्या उरलेल्या दोन नळ्याही निगेटिव्ह, तर निकाल अनिर्णित. गंभीर क्षयरोगातही असे होते, त्यामुळे क्षयाच्या नळ्यांपुढे 'निगेटिव्ह' वाचून कोणी निर्धास्त होऊ नये.

छातीविकारतज्ज्ञ: फरक दाखवू पाहणारे जैवदर्शक वेगळे. जीबीपी5, डीयूएसपी3 आणि केएलएफ2 या तीन जनुकांचा आरएनए (जनुक किती काम करते ते दाखवणारा रेणू) रक्तात मोजतात. सक्रिय रोगात पहिली दोन वाढतात, तिसरे घटते. अडचण अशी की जीबीपी5 इंटरफेरॉनमुळे वाढते, आणि विषाणूच्या तापातही इंटरफेरॉन वाढते. म्हणून या चाचणीला 'निदान' म्हणू नका, 'चाळणी चाचणी' म्हणा. चाळणीवर राहिलेल्याची थुंकी सीबीनॅटवर किंवा गोव्याच्या मोलबायो कंपनीच्या ट्रूनॅटवर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणाऱ्या यंत्रावर, तपासायचीच.

शब्दकोशप्रेमी: 'सक्रिय' राहू द्यावा का?

छातीविकारतज्ज्ञ: 'सक्रिय क्षयरोग' रुळलेला आहे, राहू द्या. फक्त 'लागण' आणि 'रोग' हे शब्द पत्रकात कुठेही एकमेकांच्या जागी येऊ देऊ नका. लागणीवर 3 महिने आठवड्यातून एकदा आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन ही औषधे देता येतात. रोग असताना तेवढेच दिले तर जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात.