कॅडेव्हर किडनी: पैसा आधी पंपाला की गावातल्या रक्ततपासणीला?

पैनगंगा: विदर्भात ब्रेनडेड दात्याच्या किडनीचं वाटप नागपूरच्या झेडटीसीसी या अवयववाटप समितीमार्फत होतं. निधी मिळाला तर आधी परफ्युजन पंप, म्हणजे काढलेल्या किडनीतून थंड द्रव फिरवत ठेवणारं यंत्र, घ्यावा, असं माझं मत. बर्फाच्या पेटीत तास वाढले की किडनी उशिरा सुरू होते, बसवल्यावरही डायलिसिस लागतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत हे प्रमाण पेटीत २६.५, तर पंपावर २०.८ टक्के होतं.

वर्धाकाठ: पंप वाईट नाही, पण तास जातात कुठे ते बघा. क्रॉसमॅचलाच ४-५ तास; म्हणजे पेशंटच्या रक्तात दात्याच्या पेशींविरुद्ध अँटिबॉडीज आहेत का, ही चाचणी. भामरागडच्या पेशंटचं ताजं सीरम (रक्तातला पेशी वगळून उरलेला द्रव) लॅबमध्ये आधीच असलं, तर तो गाडीत असतानाच ते काम सुरू होतं. दुसरं, डायलिसिसवर एचबी उतरलं की रक्ताची बाटली लावायची सवय. त्यातून अँटिबॉडीज तयार होतात, मग नंबर लागूनही क्रॉसमॅच पॉझिटिव्ह, किडनी हुकते! लोह आणि एरिथ्रोपोएटिन हे रक्तवाढीचं इंजेक्शन वेळेवर द्या ना.

पैनगंगा: सीरमचं मान्य. पण दात्याच्या आयसीयूचं काय? मेंदू गेला की लघवी धो-धो सुटते, सोडियम १५५ च्या वर चढतं, बीपी कोसळतं. ब्रेनडेडच्या दोन तपासण्यांमधले सहा तास नुसतं बघत बसलं तर किडनी तिथंच मार खाते. लघवी आवरणारं, बीपी धरणारं व्हॅसोप्रेसिन आणि मोजून द्रव द्यायचे, मीन (सरासरी) बीपी ६५ च्या खाली जाऊ द्यायचं नाही.

झाडीपट्टी: भाऊ, किडनी काढायच्या आधीच मार खात असेल, तर हे तुमच्या पंपाविरुद्धच झालं! आणि तुम्ही दोघंही ऑपरेशनपाशीच थांबलात. शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमसची गोळी असते; तिची रक्तातली पातळी सकाळच्या गोळीआधी, म्हणजे रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी बघायची असते. पेशंट गोळी घेऊन पहाटेच्या एसटीत बसतो, रक्त ११ वाजता निघतं. पातळी खोटी जास्त येते, डोस कमी होतो, पुढे रिजेक्शन, म्हणजे शरीर किडनी नाकारतं. त्यापेक्षा ग्रामीण रुग्णालयातच जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत रक्त घ्या, थंड डब्यातून नागपूरला पाठवा. गजकर्णावर मेडिकलमधून परस्पर इट्राकोनाझोल घेतलं की हीच पातळी चढते, टीबीच्या रिफाम्पिसिननं पार खाली येते. चंद्रपूरच्या मे महिन्यात जुलाब लागले आणि वरून कोणी डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक टोचलं, तर क्रिएटिनिन वाढणारच, म्हणजे किडनी बिघडणारच.

वर्धाकाठ: नळी पाठवा, पण डोस ट्रान्सप्लांट युनिटनंच बदलावा. तालुक्याला ती मुभा नको.

पैनगंगा: तपासणीच्या दिवशीची सकाळची गोळी वेगळ्या पुडीत बांधून वर ‘रक्त दिल्यावर’ असं लिहून द्या. एवढं तर उद्यापासून होईल. पंपाचा मुद्दा मात्र मी सोडलेला नाही.