आठवडी बाजारात थेट शेतकऱ्याकडून वर्षाची ज्वारी, तूरदाळ, हळद घ्यायचीय. काय बघून घ्यावं?

मांजराकाठ:
राम राम मंडळी. लातूरला चौघांचं घर आहे. संध्याकाळी भाकरच असते, माणशी दोन. यंदा दुकानाऐवजी आठवडी बाजारात शेतकरी माल घेऊन बसतात त्यांच्याकडून भरायचं ठरवलंय. किती घ्यावं आणि माल पारखावा कसा? शेतकरी कोण, व्यापारी कोण हे कसं कळतं? ‘बोरसुरी’ म्हणून तूरदाळ दोन वेगळ्या भावांत दिसते, त्यातली खरी कोणती? आणि पावसाळ्यात किडे नकोत.

शाळूवाला:
आधी हिशेब. मध्यम भाकरीला ८० ग्रॅमच्या आसपास पीठ लागतं. रोज आठ भाकरी म्हणजे ६४० ग्रॅम, महिन्याला १९-२० किलो. एक क्विंटल पाच महिने जातं. घरात जागा आणि कडक ऊन दोन्ही असेल तरच वर्षाचं भरा, नाहीतर दिवाळीपर्यंतचं घ्या.

शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, रास फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. लगेच पहिल्या आठवड्यात धावू नका, दाण्यात ओल असते. मार्चअखेर ते मे ही खरेदीची वेळ. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे. दबला तर घेऊ नका, भाव कितीही कमी असो. पोत्यात कोपरापर्यंत हात घाला आणि वरचा, मधला, तळाचा असा तीन ठिकाणचा माल बाहेर काढून शेजारी शेजारी ठेवून बघा. वर टपोरा आणि तळाला बारीक, फुटका हे नेहमीचं आहे. फुटक्या दाण्यालाच कीड आधी लागते.

मालदांडी या शाळूच्या वाणाचा दाणा मोत्यासारखा, किंचित पिवळसर झाक असलेला. काळे ठिपके असलेली ज्वारी म्हणजे बहुतेक खरिपातली, काढणीच्या वेळी पावसात सापडलेली. तिची भाकर काळपट होते. सगळ्यात भरवशाची पारख म्हणजे आधी दोन किलो न्या, दळा, भाकर थापून बघा. काठाला चिरा न पडता फिरली तर पुढच्या बाजारी पोतं उचला. पीठ मात्र आठ-दहा दिवसांपुरतंच दळायचं. शिळ्या पिठाची जिगट जाते, मग चांगल्या ज्वारीलाही लोक नावं ठेवतात.

एक किलो माल चाळून मातेरं तोला. ३० ग्रॅम निघालं तर क्विंटलमागे तीन किलो खडे-कचऱ्याचे पैसे जातात, भाव त्या हिशेबाने बोला. काट्यावर वैधमापनशास्त्राचा मुदतीतला शिक्का आहे का बघा आणि रिकाम्या कट्ट्याचं वजन वजा करायला सांगा.

शेतकरी ओळखायला वाण कोणतं, खुडणी कधी, मळणी कधी, एवढं विचारा. ज्याने पिकवलंय तो न अडखळता सांगतो. त्याच्यापुढे हंगामातली दोन-तीन पिकंच असतात. साबुदाण्यापासून बासमतीपर्यंत सगळं मांडलेलं असेल तर तो व्यापारी. व्यापाऱ्याकडून घेण्यात वाईट काही नाही, फक्त मोंढ्याचा भाव माहीत करून जा.

जातंभरडा:
दाळीचं सांगतो. बोरसुरी निलंगा तालुक्यातलं. तिथल्या तूरदाळीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनाचं नाव वापरून विकायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, तेव्हा तो क्रमांक विचारा. क्रमांक नसला म्हणजे दाळ वाईट असं नाही, पण नावाचे जादा पैसे देऊ नका.

चकाकीला भुलू नका. ती तेल-पाण्याच्या पॉलिशची असते. बिनपॉलिशची दाळ निस्तेज, हाताला थोडी पिठूळ लागणारी, मधेमधे सालीचे कण असलेली. तूर भिजवून केलेली दाळ मधे खोलगट दिसते आणि शिजायला वेळ घेते, कोरडी तेल लावून केलेली लवकर शिजते. दोन्ही खाण्याजोग्या, पण कोणती आहे ते विचारून घ्या. एका बाजूला तिरपे, पाचरीसारखे दाणे दिसले तर लाखेच्या (खेसरी) दाळीची भेसळ समजा आणि तिथून उठा.

गावात मिनी दाळमिल असेल तर अख्खी तूरच घ्या. ५० किलो तुरीची ३५ ते ३७ किलो दाळ पडते. मूग-हरभऱ्याची दाळही खात असाल तर चौघांना एवढी वर्षभर होते. चुनी वेगळी मागून घ्या, गुराढोरांना ती उत्तम.

पूर्णाकाठ:
हळद भुकटी घेऊच नका, हळकुंड घ्या. नीट शिजवलेलं, वाळलेलं हळकुंड मोडताना टणकन आवाज येतो आणि आत सगळीकडे सारखा केशरी-पिवळा रंग दिसतो. वाकलं तर ओलं आहे, कांडपात चिकटेल. फार झळझळीत पिवळं दिसलं की एक हळकुंड ग्लासभर पाण्यात टाका. लगेच रंग सुटला तर वरून रंग चढवलाय. त्यात लेड क्रोमेट असू शकतं, म्हणजे शिसं, लेकरांना फार घातक. वसमत भागातली हळद मार्चनंतर वाळून बाजारात येते, तेव्हा घ्या.

आता साठवण. धान्याला दोन-तीन कडक उन्हं द्या, पण गरम गरम कोठीत भरू नका. रात्रभर सावलीत पसरून गार करा. गरम भरलं तर आत वाफ धरते आणि झाकणाखालून बुरशी लागते. कडुनिंबाचा पाला घालायचा तर पूर्ण वाळलेला, हिरवा पाला स्वतःच ओल सोडतो. कोठी भिंतीला टेकवू नका, खाली लाकडी फळी द्या.

मांजराकाठ:
धन्यवाद, फार कामाचं सांगितलंत. दाळीला एरंडेल किती लावायचं? आणि किडे मारायला सेल्फॉसची विषारी गोळी टाकावी म्हणतात, ती?

पूर्णाकाठ:
किलोला ५ मिली, म्हणजे ३५ किलोला १७५ मिली. हाताने चोळून प्रत्येक दाण्याला पुसटसं लागलं पाहिजे, मग एक दिवस सावलीत ठेवून भरा. सेल्फॉस घरात अजिबात नको. तिचा वायू जीव घेतो, बंद खोलीत झोपलेली माणसं गेल्याच्या घटना आहेत. मुगा-हरभऱ्यावर पांढरे ठिपके दिसले तर ती भुंगेऱ्याची अंडी. तसला माल बाजारातच परत करा.