१३ वर्षांची मुलगी, प्रॅक्टिस वाढवली आणि टायमिंग बिघडलं

पोहणारीची आई:
मुलगी सातव्या वर्षापासून पोहते. गेले ८ महिने सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळ पूल, रविवारी ड्रायलँड (पाण्याबाहेरचा व्यायाम), आठवड्याला १८ तास होतात. आणि १०० मीटर फ्रीस्टाइलचं टायमिंग कमी व्हायचं सोडून दीड सेकंदाने वाढलंय. कोच म्हणतात मेहनत कमी पडतेय, अजून एक सेशन लावा. मला पटत नाहीये पण मी स्वतः कधी खेळले नाही म्हणून बोलायला कचरते. आधी ही रात्रीच बॅग भरून दाराशी ठेवायची, आता सकाळी पलंगाच्या कडेला टोपी हातात घेऊन नुसती बसून राहते, विचारलं की पोट दुखतंय. डॉक्टरांनी पोट तपासलं, काही निघालं नाही. झोप धड नाही, सर्दी सारखी होते. हा आळस आहे की खरंच काही होतंय तिला?

जुना बॅकस्ट्रोकर:
ताई आळस नाही हा, मी यातून गेलोय. १५ व्या वर्षी खांदा दुखायचा, सांगितलं तर टीममधून काढतील म्हणून गप्प बसलो, शेवटी पाण्याचा वासही नको झाला आणि पोहणंच सुटलं. तिला एकदा निवांत विचारा की उद्यापासून पूल बंद केला तर कसं वाटेल, आणि ती जे सांगेल ते मधे न बोलता ऐकून घ्या.

एक बाबा:
पण वरच्या लेव्हलला जायचं तर त्रास सोसावाच लागतो ना? सगळेच थकतात.

खेळाडूंची फिजिओ:
थकणं वेगळं, हे वेगळं. साधा थकवा दोन-चार दिवस आराम केला की जातो आणि खेळ सुधारतो. आराम करूनही परफॉर्मन्स आठवडेच्या आठवडे घसरत असेल, जोडीला चिडचिड, झोप उडणं, सारखं आजारपण असेल तर ओव्हरट्रेनिंगचा संशय घ्यायचा. शरीर तयार होतं ते विश्रांतीत, तीच मिळाली नाही तर नुसती झीज, त्यात या वयात हाडांच्या वाढीच्या जागा अजून नाजूक असतात. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचा सल्ला आहे की आठवड्यात निदान १ दिवस पूर्ण सुट्टी आणि वर्षात मिळून २-३ महिने त्या खेळापासून लांब, सलग नसले तरी चालतात. शिवाय एक ढोबळ हिशोब वापरतात, आठवड्याचे तास मुलाच्या वयापेक्षा जास्त नकोत. तुमची १३ ची आणि १८ तास, त्यात सुट्टीचा एकही वार नाही!! सकाळी उठल्या उठल्या पलंगावरच नाडी मोजून वहीत लिहा, रोजच्यापेक्षा सलग काही दिवस जास्त येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. हिमोग्लोबिन, आयर्न, थायरॉइड तपासून घ्या, पाळी सुरू होऊन मधेच थांबली असेल तर तेही नक्की सांगा, खाणं कमी पडत असेल तर असं होतं. झोप ८ ते १० तास हवीच.

@एक बाबा, जेनिफर कॅप्रिआती १९९० मध्ये १३ व्या वर्षी प्रोफेशनल टेनिसमध्ये उतरली आणि काही वर्षांतच खेळापासून लांब गेली. नंतर लहान मुलींनी किती स्पर्धा खेळायच्या यावर डब्ल्यूटीएने (महिला टेनिसची संघटना) मर्यादा आणली. ती परत आली आणि २००१ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली, म्हणजे थांबलं की करिअर संपतं असंही नाही.

पोहणारीची आई:
विचारलं तिला. आधी गप्प बसली, मग रडली, म्हणाली, "पूल बंद नको, फक्त सकाळचं नको." कोचना आजच फोन केला, दोन आठवडे पूर्ण सुट्टी सांगितली, त्यांना आवडलं नाही. ब्लड टेस्ट उद्या आहे.