एका चुंबनाला सुपाचं भांडं

डिस्टोपियन, म्हणजे भविष्यातल्या जुलमी जगाच्या, कथांमध्ये प्रेमाचा त्रिकोण उगाच घुसडतात, असं एक मत ऐकू येतं. ते बऱ्याच पुस्तकांना लागू पडतं. पण 'द हंगर गेम्स' या कादंबरीला (२००८) नाही. तिथल्या, टीव्हीवर दाखवल्या जाणाऱ्या जीवघेण्या खेळात प्रेम हाच डावपेच आहे. गुहेत स्पर्धक पीटा तापाने फणफणलेला. त्याची साथीदार, नायिका कॅटनिस त्याचं चुंबन घेते आणि बाहेर पॅराशूटने गरम सुपाचं भांडं उतरतं! बाहेरून मदत पाठवणाऱ्या त्यांच्या मार्गदर्शकाचा, हेमिचचा, निरोप तिला बरोबर कळतो: कॅमेऱ्यापुढे प्रेम दाखव, खायला मिळेल. त्यात खरं किती, नाटक किती, हे तिचं तिलाही उमगत नाही. 'ट्वायलाइट' कादंबरीत मात्र शंभरी ओलांडलेला व्हॅम्पायर एडवर्ड रात्री शाळकरी बेलाच्या खोलीत शिरून तिला झोपलेली बघत बसतो, आणि ते म्हणे रोमँटिक! माझ्या भाचीने तेराव्या वर्षीच विचारलं होतं, "मावशी, खिडकीला कडी नव्हती का गं?"